तार तशी तक्रार

पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलावाल्यांची बसायची जागा मधली असते; वाद्यवृंदातल्या विनोदांत मात्र त्यांच्यासाठी पहिली रांग कायमची राखून ठेवलेली आहे. व्हायोलिन चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं, तर ते व्हायोलाच्या पेटीत ठेवावं, हा या विनोदांपैकी त्यातल्या त्यात सभ्य नमुना. बाजारही या बाबतीत मागे नाही. अँतोनिओ स्त्रादिवारीने १७१९ साली घडवलेला 'मॅकडॉनल्ड' नावाचा व्हायोला २०१४ मध्ये विक्रीला निघाला. या कारागिराच्या हातचे व्हायोला जगात मोजकेच उरले आहेत, म्हणून किमान बोली साडेचार कोटी डॉलर ठेवली. बंद पाकिटांतून बोली मागवल्या, आणि गिऱ्हाईक मिळालं नाही. अशा या वाद्याला तारा कोणत्या लावाव्यात, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला फार किरकोळ वाटेल. चार खुंट्या, चार तारा. दुकानात जायचं आणि एक पाकीट घेऊन यायचं. प्रत्यक्षात व्हायोलावाले या विषयावर जितकं बोलतात तितकं संगीतावरही बोलत नसतील, आणि एवढं बोलून त्यांचं समाधान होत नाही ते नाहीच. यात त्यांच्या स्वभावाचा दोष काढण्यात अर्थ नाही. ते बिचारे योग्य तारेच्या शोधात बाहेर पडलेले असतात, आणि व्हायोलासाठी योग्य तार नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. निवड करता येते ती तक्रारीची. कोणत्या तक्रारीबरोबर आपण पुढचे सहा-आठ महिने सुखाने राहू शकतो, एवढंच ठरवायचं असतं. हे एकदा मान्य केलं की काम बरंच सोपं होतं, आणि खर्चही आटोक्यात राहतो.

तक्रारीचं मूळ तारेत नाही, लाकडात आहे. व्हायोलिनपेक्षा व्हायोला षड्ज-पंचमाच्या अंतराने खाली लावतात. त्याच्या चार तारा सी, जी, डी आणि ए. त्यातली सर्वांत खालची सी म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत खर्जातली पांढरी एक, सेकंदाला सुमारे १३१ कंपनं. व्हायोलिनचाच डौल ठेवून आवाज तेवढा खाली आणायचा, तर अख्खं वाद्य दीडपट मोठं हवं. व्हायोलिनचं अंग सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटर. त्याच्या दीडपट म्हणजे त्रेपन्न. एवढं लाकूड हनुवटीखाली धरून डावा हात त्याच्या टोकापर्यंत पोचवायचा, तर त्यासाठी वादकाऐवजी गिबन माकडाची नेमणूक करावी लागेल. तशा मापाकडे जायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. जर्मनीच्या हरमान रिटरने एकोणिसाव्या शतकात अठ्ठेचाळीस सेंटिमीटरांच्या आसपासचा भलामोठा व्हायोला पुढे आणला. वाग्नरला तो इतका पसंत पडला की १८७६ च्या बायरॉइट महोत्सवात त्याने रिटरला वाजवायला बोलावलं. वाद्याचं कौतुक झालं, पण ते पेलणारे खांदे पुढे मिळेनात. विसाव्या शतकात इंग्लंडच्या लायोनेल टर्टिसने पावणेसतरा इंचांवर तडजोड केली. अमेरिकेत कार्लीन हचिन्स या बाईंनी सरळ चेलोसारखा उभा धरायचा व्हायोला बनवला, आणि बार्टोकचा व्हायोला कॉन्चेर्तो त्यावर यो-यो मा यांनी ध्वनिमुद्रित केला. म्हणजे व्हायोलाचा प्रश्न एकदाचा सुटला. फक्त तो सुटेपर्यंत व्हायोला चेलोवाल्याच्या हातात गेला होता.

म्हणून आज खांद्यावर वाजणारे बहुतेक व्हायोला अडतीस ते त्रेचाळीस सेंटिमीटरांत कुठेतरी असतात. नक्की कुठे, यावर कारागिरांचं एकमत नाही. व्हायोलिनचं माप केव्हाच ठरून गेलं, व्हायोलाचं अजून ठरायचं आहे. अंग लहान राहिलं तरी स्वर मात्र तेवढाच खाली हवा, तेव्हा उरलेलं सगळं काम तारेच्या गळ्यात पडतं. मरीन मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली छापलेल्या ग्रंथात तारेचा कायदा लिहून ठेवला आहे: तार लांब केली की स्वर उतरतो, जड केली की उतरतो, ताणली की चढतो. चौथी पळवाट नाही. व्हायोलिनची सर्वांत खालची तार आणि व्हायोलाची सी यांचा ताण सारखा धरला, तर सी तेवढ्याच लांबीत जवळपास पावणेदोन पट जड हवी, असं गणित येतं. ही तार नुसत्या तातीची, म्हणजे मेंढीच्या आतड्याची करायची ठरवली, तर ती दोन मिलिमीटरहून जाड भरते. एवढ्या जाड तारेवर गज फिरवला की ती लगेच बोलत नाही. आधी विचार करते, आणि तिचा विचार पूर्ण होईपर्यंत वाद्यवृंद पुढच्या मात्रेवर गेलेला असतो. व्हायोलावाले नेहमी मागून येतात या विनोदाचं शास्त्रीय मूळ इथे आहे. यावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उपाय निघाला: गाभा बारीक आणि लवचीक ठेवायचा, आणि वरून धातूचा वेढा देऊन वजन वाढवायचं. तेव्हापासून हा सगळा जड धातूंचा पाठलाग आहे. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड. आजच्या अनेक सी तारांवर टंगस्टन असतं आणि ते पाण्याच्या एकोणीस पट, म्हणजे थेट सोन्याइतकं जड. आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे. जोडाच्या तारा पोलादी, खर्जाची पितळेची, कारण पितळ पोलादाहून थोडं जड; आणि गाणाऱ्याची पट्टी विचारल्याशिवाय तारेचा नंबर ठरत नाही. तंबोऱ्याचं नशीब असं की त्याला खर्जासाठी ऐसपैस लांबी मिळते, कारण त्याला हनुवटीखाली धरण्याचा आग्रह कुणी केलेला नाही.

मग या जड तारांपैकी सर्वांत चांगली कोणती ते एकदाचं सांगून टाका, असं कुणीही म्हणेल. ते सांगता येत नाही, कारण एकाच पाकिटातली तार एका व्हायोलावर एक असते आणि दुसऱ्यावर दुसरीच होते. तारेचा वाजणारा भाग एका वाद्यावर छत्तीस सेंटिमीटर असेल, दुसऱ्यावर साडेअडतीस. फरक अडीच सेंटिमीटरांचा. पण ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, तेव्हा तीच तार त्याच स्वराला लावली तरी दुसऱ्या वाद्यावर चौदा टक्के जास्त ताणलेली असते. पहिल्यावर ती लोळते, दुसऱ्यावर कण्हते. दोन्ही वादक आपापल्या मित्रांना त्या तारेविषयी छातीठोक मत देतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. भारतीय संगीतात तर ही शिफारस आणखी एक पायरी घसरते. कर्नाटक संगीतातले गायक एम. बालमुरलीकृष्ण व्हायोलाही वाजवत. आपल्याकडच्या पद्धतीत तारा सी-जी-डी-एमध्ये न लावता षड्ज-पंचमात, ज्याच्या त्याच्या पट्टीत लावल्या जातात, म्हणजे पाकिटावर छापलेला ताणाचा आकडा खुंटी पिळताक्षणी बाद होतो. तारांच्या जाहिराती आणि वधूवर सूचक मंडळाची वही यांची भाषा इतकी सारखी का, याचा उलगडा इथे होतो. तिथे मुलगी गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ आणि तरीही आधुनिक; इथे तार उबदार, रेखीव आणि तरीही मोकळी. तिथे 'अनुरूप' या शब्दात सगळं येतं आणि काहीच येत नाही. इथे ते काम 'संतुलित' करतो. 'आवाज घोगरा, पण घामाने लवकर खराब होत नाही' असं कुणी छापत नाही, आणि कामाची माहिती नेमकी तीच असते. छत्तीस गुण जुळले म्हणून संसार कसा होईल ते कळत नाही. पाकिटावरचा आकडाही फार तर दोन्हीकडची मंडळी किती ताणून धरणार आहेत एवढंच सांगतो.

तक्रारींचे ढोबळ मानाने तीन पंथ आहेत. पहिला आणि सर्वांत जुना तातीचा. जर्मनीतल्या ओफेनबाखच्या पिरास्ट्रो कंपनीची परंपरा १७९८ पर्यंत मागे जाते, आणि तातीच्या गाभ्याच्या तारा तिथे अजून बनतात. आवाज खानदानी, गजाच्या हलक्याशा स्पर्शालाही निराळं उत्तर देणारा. तक्रार एवढीच की तात हवेतलं पाणी पिते. मुंबईच्या जुलैत तातीच्या तारा लावणाऱ्याने आपण खुंट्या पिळण्याची कला शिकत आहोत आणि मधूनमधून व्हायोला वाजवत आहोत, अशी मनाची तयारी ठेवावी. सारंगीवाल्यांना हे दुःख नव्याने सांगायला नको. त्यांच्या पिढ्यान् पिढ्या तातीच्या तारा सुरात आणण्यात गेल्या. दुसरा पंथ पोलादाचा. ही तार सुरात राहते, गज टेकताच बोलते, आणि जे बोलते ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल याची काळजी घेते. न पोचलेलं बरं असं काही बोलायचं असलं तरी. तिसरा पंथ कृत्रिम धाग्याचा. व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इनफेल्ड कंपनीने १९७० मध्ये 'डॉमिनंट' ही तार आणली. नायलॉनच्या जातीचा गाभा, तातीच्या जवळ जाणारा आवाज, आणि पावसापाण्याशी फारसं देणंघेणं नाही. आता वाद मिटला असं वाटावं, तर ही तार नवी असताना काही दिवस सैलावत राहते आणि तोवर तिच्या आवाजाला धातूची धार असते, अशी कुरकुर सुरू झाली. मग त्याहून गडद आवाजाची तार निघाली. ती फारच गडद वाटली म्हणून त्याहून उजळ निघाली. उजळ तार फार ताणलेली वाटली म्हणून मऊ निघाली. गेली पन्नास वर्षं प्रत्येक नवी तार आधीच्या तारेची तक्रार मिटवण्यासाठी जन्माला येते, आणि येताना स्वतःची ताजी तक्रार घेऊन येते. याला कारखानदारांची लबाडी म्हणणं अन्यायाचं होईल. वाद्यच जिथे तडजोडीतून जन्मलं, तिथे तारेने आणखी काय करावं?

यावर नीटनेटक्या माणसांचा पहिला आक्षेप असा की एकाच कंपनीचा पूर्ण संच घ्यावा, तो विचारपूर्वक जुळवलेला असतो. व्हायोलिनच्या बाबतीत हा सल्ला बऱ्यापैकी चालून जातो. व्हायोलावर अडचण अशी की वरच्या एची आणि खालच्या सीची तक्रार एकमेकींच्या अगदी उलट असते. ए नाकात बोलते आणि टोचते. सी घोगरी आणि आळशी. एकीला आवरायचं असतं, दुसरीला उठवायचं असतं, आणि दोन्ही कामं एकाच संचाने करावीत ही अपेक्षा जास्त होते. म्हणून जगभरचे वादक बिनदिक्कत सरमिसळ करतात: वर लार्सन किंवा यार्गर या डॅनिश कंपन्यांपैकी एकीची पोलादी ए, मधल्या दोन कृत्रिम गाभ्याच्या, आणि तळाला व्हिएन्नाच्या थॉमास्टिकची 'स्पिरोकोर' नावाची टंगस्टन-चांदीची सी. डेन्मार्क आणि ऑस्ट्रिया एकाच घोडीवरून जातात आणि कुणाची हरकत नसते. हा स्वैराचार वाटत असेल त्याने मोझार्टकडे पाहावं. १७७९ साली व्हायोलिन आणि व्हायोला यांच्या जोडीसाठी लिहिलेल्या सिंफोनिया कॉन्चेर्तांतेत त्याने व्हायोलाच्या चारही तारा अर्ध्या स्वराने चढवून लावायला सांगितल्या. ताण वाढला, आवाज उजळला, आणि व्हायोलिनच्या शेजारी मान वर करून उभं राहण्याची सोय झाली. मोझार्ट स्वतः व्हायोला वाजवत असे, त्यामुळे दुखणं कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तारांचे कॅटलॉग हाताशी नसल्यामुळे त्याने ते खुंटीवरच निस्तरलं. आजचे बहुतेक वादक ही रचना नेहमीच्याच लावणीत वाजवतात, आणि तो उजेड पाकिटांत शोधत बसतात.

दुसरा आक्षेप अध्यात्माकडे झुकणारा आहे: आवाज हातात असतो, तारेत नसतो, खरा कलावंत कशावरही वाजवेल. वाजवेल, यात शंका नाही. पण जड, जाड तार उशिरा बोलते हा पदार्थविज्ञानाचा भाग आहे, आणि साधना केली म्हणून त्यातून सूट मिळत नाही. कसलेला हात उशिरा बोलणाऱ्या तारेवर गज किंचित आधी टेकवून वेळ सावरून घेतो, म्हणजे तारेची चूक तो स्वतःच्या खर्चाने भरून काढतो. तो भरतो म्हणून चूक नव्हती असं ठरत नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा सगळा भ्रम आहे, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. यासाठी २०१० चा एक प्रयोग पुढे केला जातो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस मुरलेल्या व्हायोलिनवादकांना हॉटेलच्या एका अंधूक खोलीत एकेक करून बोलावलं, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे चढवले, आणि हातात सहा व्हायोलिनं दिली: तीन नवी, दोन स्त्रादिवारी, एक ग्वार्नेरी. जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे बहुतेकांना सांगता आलं नाही. सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्त्रादिवारीला. जिथे कोट्यवधींचं लाकूड ओळखता येत नाही, तिथे काही हजारांची तार काय ओळखणार, असा सवाल यावरून विचारतात. पण या प्रयोगात काय कोसळलं ते नीट पाहायला हवं. वादकांना आवडनिवड होती आणि ती चांगली ठाम होती; तिचा वाद्याच्या वयाशी आणि किमतीशी मेळ बसला नाही, इतकंच. म्हणजे फरक खरा होता, नाव फसवं होतं. तारांच्या खरेदीत आपण नेमकं उलटं वागतो: नावावर विश्वास टाकतो आणि कानावर संशय घेतो.

कानावर थोडा संशय घेणं अर्थात योग्यच आहे, पण तो दुसऱ्याच कारणासाठी. तार मरते ती हळूहळू. वेढ्यात घाम आणि राळ साचते, बोटांखालचा भाग झिजतो, तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, आणि आवाज रोज इतका थोडा उतरतो की वादकाला पत्ता लागत नाही. मग एके दिवशी तो नवी तार लावतो आणि त्याला साक्षात्कार होतो. खरं म्हणजे त्याने एका कंपनीच्या जिवंत तारेची तुलना दुसऱ्या कंपनीच्या मढ्याशी केलेली असते. असल्या सामन्यात नवी तार कधीच हरत नाही. त्याच जुन्या कंपनीची नवी तार लावली असती तर तीही जिंकली असती. 'ही तार लावली आणि वाद्य बदललं' अशा बऱ्याच साक्षींची किंमत एवढीच. महागाचा युक्तिवादही याच भट्टीतला. टंगस्टन आणि चांदी स्वस्त मिळत नाहीत, त्यामुळे महाग तारेला काही कारण असतं; पण ती महाग झाल्यामुळे आपल्या वाद्याची लांबी बदलत नाही. लहान अंगाच्या व्हायोलाला जोरकस, जास्त ताणाची तार लावून पैसे देऊन त्याचा आवाज दाबून घेता येतो, आणि तसं करणाऱ्यांची संख्या कमी नाही.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. मुंबईला हे वाद्य नवं नाही. मेहली मेहतांनी १९३५ साली इथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचे तंतुवाद्यांचे ताफे कित्येक दशकं सांभाळले, आणि एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तरी दुकानात शिरल्यावर व्हायोलिनच्या तारा समोर येतात आणि व्हायोलाच्या बहुधा मागवून घ्याव्या लागतात. एकदा खुंटीला गुंडाळलेली तार कुणी परत घेत नाही. म्हणून दहा संच लावून पाहून अकरावा ठेवण्याची चैन इथे जमायची नाही. यावर कुढण्याचं कारण नाही. निवड कमी असली की तीच तक्रार जास्त दिवस सोबत राहते, ओळखीची होते, आणि तिच्यावर गजाने काय इलाज चालतो हेही कळत जातं.

तेव्हा ज्यांना व्हायोलाला तारा लावायच्या आहेत त्यांनी खरेदीआधी आपली तक्रार एका वाक्यात कागदावर लिहावी. 'आवाज चांगला नाही' हे वाक्य चालणार नाही. 'सी उशिरा बोलते' किंवा 'ए टोचते' हे चालेल. मग चारही तारा एकदम न बदलता ती एकच बदलावी, आणि बहुतेक वेळा ती सी असेल. नव्या तारेची तुलना करायचीच तर नव्या तारेशी करावी. तार लावायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगावं, पाकीट त्याच्याच खिशात राहू द्यावं, आणि निदान आठवडाभर मत देऊ नये. पाकिटावर लावल्याची तारीख घालावी, म्हणजे मेलेल्या तारेला वाद्याचा दोष समजून नवा व्हायोला पाहायला जाण्याची पाळी येणार नाही. उरलेली तक्रार सोसण्याजोगी वाटली की तिथे थांबावं. आणि एवढं करूनही सी घोगरीच राहिली, तर पुढचं पाकीट मागवण्याआधी जाणत्या कारागिराकडून घोडी आणि आतली साउंडपोस्टची काडी तपासून घ्यावी. ती काडी केसभर सरकवून घ्यायला तारांच्या एका संचापेक्षा बहुधा कमीच पैसे पडतात.